हवं तेवढंच

लॅपटॉपची डिस्क पुसायला घेण्याआधी तिनं खिडकी लावून घेतली. खिडकीचा आणि त्या कामाचा काडीचाही संबंध नव्हता, हे तिला कळत होतं. भौतिकशास्त्र शिकलेली बाई. काच लावल्यानं डिस्कवरचं काही अडत नाही हे तिला कुणी सांगायला नको होतं. पण हात आपोआप तिकडे गेला.

"उकडून मारतेस का आम्हाला?" मावशी आतून ओरडली.

"थोडा वेळच गं."

खाली लाँड्री होती. दिवसभर वाफ वर यायची, आणि मावशीच्या दोन खोल्यांना कायम इस्त्रीचा वास असायचा. मावशी म्हणजे तिच्या आईची धाकटी बहीण, रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका. ती मुलीला घेऊन इथे आली त्या दिवशी मावशीनं दार उघडलं, दोन पिशव्या, एक लॅपटॉप आणि सहा वर्षांची खारू बघितली आणि एवढंच विचारलं, "त्याला माहीत आहे?"

"नाही. फक्त धाकट्याला माहीत आहे."

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. पिशव्या त्यानंच रिक्षात टाकल्या होत्या.

आणि 'त्याला' म्हणजे तिच्या नवऱ्याला. मावशीचं हे घर त्यानं कधी बघितलं नव्हतं, पत्ताही त्याला ठाऊक नव्हता. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि सगळी गल्ली त्याला उस्ताद म्हणायची. कुठलंही मेलेलं मशीन तो उठवून उभं करायचा. त्यानं तिच्यावर कधी हात उचलला नव्हता, आणि म्हणूनच कुणाला काही सांगणं अवघड होतं. ती दुपारी मैत्रिणीला जे लिहायची, ते रात्री जेवताना तो सहज बोलण्यात आणायचा. तिचेच शब्द, तिच्याच क्रमानं. मग तिच्याकडे बघून मीठ मागायचा. एकदा तिनं वेगळं राहण्याबद्दल कुणाला तरी विचारलं होतं, तेव्हा तो भांडलाही नाही. शांतपणे म्हणाला, "तू खुशाल जा. पण खारूला नेलंस तर मी शोधून काढीन, आणि मग ती तुला पुन्हा दिसायची नाही." मशीन उठवून दाखवीन म्हणताना त्याचा जो आवाज असे, तोच हा आवाज होता. तो थापा मारत नसे.

तिला मशीन टाकून देता येत नव्हतं. एका पॅथॉलॉजी लॅबचे अहवाल ती घरून तपासून पाठवायची, तीच तिची नोकरी. पण जुन्या डिस्कवर त्यानं काय काय बसवलं असेल, देव जाणे. म्हणून सगळं मुळापासून पुसायचं, नवी ऑपरेटिंग प्रणाली टाकायची, आणि तीही कमीत कमी. बसवताना पडद्यानं विचारलं, डेस्कटॉप हवा? छपाईची साधनं हवीत? खेळ? गाणी? तिनं एकेका चौकटीतली बरोबरची खूण काढून टाकली. सगळ्या चौकटी रिकाम्या झाल्या तेव्हाच पुढचं बटण दाबलं.

काम संपलं. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली.

मावशी चहा घेऊन आली. "बिघडलं का?"

"नाही, चालू आहे."

"मग काळं तोंड करून का बसलंय?"

"एवढंच आहे यात, मावशी. आता जे हवं ते आपण घालायचं."

"म्हणजे नवं बिऱ्हाड मांडायचं म्हण."

"हो. पण एकेक भांडं वाजवून घ्यायचं."

"तुझं लग्न ठरवताना एवढं वाजवून घेतलं असतंस तर!" मावशी म्हणाली, आणि तिनं जीभ चावली. पण भाची हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून मावशीनंही माफी मागायचं सोडून दिलं.

मग तिनं बिऱ्हाड मांडलं. आधी वायफायचं साधन. मग अक्षरं नीट दिसण्यापुरती खिडक्यांची व्यवस्था. मग एक ब्राउझर, एक लिहायचं सॉफ्टवेअर. प्रत्येक वेळी मशीन सांगायचं की याच्याबरोबर ही ही मंडळीही येतील, आणू का? पाहुण्याबरोबर त्याचं गोत यावं तशी नावं पडद्यावर उतरायची. सगळे लोक 'हो' म्हणतात आणि पुढे जातात. ती एकेक नाव वाचायची, ते काय करतं ते शोधायची, आणि मगच हो म्हणायची. एक फोटो बघायचं सॉफ्टवेअर तिनं निव्वळ गोतावळा फार म्हणून परत पाठवलं.

वायफाय पहिल्यांदा लावलं तेव्हा आसपासच्या जोडण्यांची नावं पडद्यावर आली. लाँड्रीचं, समोरच्या चष्म्याच्या दुकानाचं, आणि आणखी कुणाचं तरी: 'फुकट्यांनो दूर राहा'.

"हा कोण गं चिडका?" तिनं विचारलं.

"वरचा मास्तर असेल. पण तो तर जिन्यात मान वर करून बघत नाही. त्याच्या पोटात एवढा राग असेल असं वाटलं नव्हतं हो." मावशीला दिवसभर ते आठवून हसू येत होतं.

रोज सकाळी मशीन सुरू केलं की ती आत काय काय चाललंय ते बघायची. वर्गात हजेरी घ्यावी तशी. पडदाभरही नावं होत नसत, आणि त्यातलं प्रत्येक तिच्या ओळखीचं होतं. कुणी घड्याळ सांभाळणारं, कुणी कळफलकाकडे लक्ष देणारं. अनोळखी कुणी नाही हे बघितलं की छातीतला दगड थोडा हलायचा. दुपारपर्यंत तो पुन्हा जागेवर यायचा, ती गोष्ट वेगळी.

एक गोष्ट तिनं जुन्या डिस्कवरून आणली होती. कळफलकाच्या लघुखुणांची तिची स्वतःची व्यवस्था. अहवालात तीच तीच वाक्यं येतात, म्हणून तिनं वर्षानुवर्षं खपून खुणा बनवल्या होत्या. दोन अक्षरं दाबली की 'सर्व मूल्ये सामान्य मर्यादेत' असं उमटायचं, दुसरी दोन दाबली की 'पुन्हा नमुना पाठवावा'. शेकडो खुणा. बोटांना त्यांची इतकी सवय होती की त्यांच्याशिवाय ती लंगडी व्हायची. दर नव्या मशीनवर ती खुणांचं हे फोल्डर, तिची पेटी, आधी न्यायची. पुसण्याआधी तिनं ती पेनड्राइव्हवर काढून ठेवली, खुणांची फाइल उघडून वरवर चाळली, सगळ्या तिच्याच होत्या, आणि मशीनमध्ये शिरताच खुणा आपोआप जाग्या होतील अशी ती पेटी नव्या घरात ठेवली. ते काही सॉफ्टवेअर नव्हतं. ते तिचं होतं.

त्या दिवसापासून मशीनमध्ये शिरताना एक ओळ उमटू लागली. 'कर्ल: अशी आज्ञा सापडली नाही.' क्षणभर दिसायची आणि वर सरकून जायची.

कर्ल तिला माहीत होतं. इंटरनेटवर निरोप नेणारं-आणणारं छोटंसं साधन, जवळजवळ सगळ्याच मशीनांत असतं. तिच्या उघड्याबोडक्या प्रणालीत तेवढं नव्हतं. लॅबनं खुणांच्या शब्दकोशात मागे काही भर पाठवली होती, ती आणायला लागत असेल, असं तिनं धरलं. काम अडत नव्हतं. पण रोज सकाळी तक्रारीची ती एक ओळ डोळ्यात खुपायची. स्वच्छ पुसलेल्या ओट्यावर एक शीत राहावं तशी. तक्रार मिटवल्याशिवाय तिला चैन पडेना. एका सकाळी तिनं कर्लचं गोत तपासलं, एकही नाव संशयास्पद नव्हतं, आणि ते बसवून टाकलं.

तक्रार बंद झाली. पडदा गप्प झाला. तिला बरं वाटलं.

नंतरच्या सोमवारी, खारूला नव्या शाळेत सोडून ती परत आली, तर धाकट्याचा फोन.

"ताई, भावोजी भेटले होते."

ती जिन्यातच थांबली. "काय म्हणाले?"

"तसं काही नाही. हसत होते. म्हणाले, ताईला सांग, लाँड्रीच्या वर राहते आहेसच, तर माझे दोन शर्ट टाकायला येतो."

तिनं कठडा धरला. लोखंड गार होतं.

"तू सांगितलंस त्यांना."

"ताई! आईशप्पथ नाही."

"मग कुणी? तुझ्याशिवाय माहीत कुणाला आहे? बोल ना!"

"अगं पण मी कशाला..." त्याचा आवाज रडका झाला. "मी तर तिकडे फिरकलोही नाही. आणि ते आणखी काहीतरी वेडंवाकडं बोलले. म्हणाले, तिचा शेजारी फुकट्यांवर फार चिडतो ना? मला तर त्याचा अर्थही कळला नाही. कोण फुकटे?"

तिनं फोन कानापासून दूर केला.

धाकटा ओरडत राहिला, "ताई? ताई, ऐकतेस ना?" पण तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. वरचा मास्तर कुणावर चिडत नव्हता. जिन्यात तो मान खाली घालून जायचा. त्याची चीड जगात एकाच जागी लिहिलेली होती, आणि ती जागा या इमारतीत बसून उघडलेल्या पडद्यावरच दिसते. धाकट्यानं तो पडदा बघितला नव्हता. उस्तादनं बघितला होता.

"तू नाहीस," ती म्हणाली. "चुकलं माझं. ठेव फोन."

मशीन टेबलावर मिटून पडलं होतं. ते उघडायला तिचा हात होईना. झोपलेल्या माणसाच्या अंगावरची चादर काढावी आणि खाली भलताच कुणी निघावा, तसं वाटत होतं. आधी तिनं वायफायचा डबा भिंतीतून उपटला. मग मशीन उघडलं.

हजेरी घेतली. सगळे ओळखीचे. म्हणजे जे काही होतं ते सतत चालणारं नव्हतं. एकदा उठून, काम करून, झोपणारं होतं. कधी उठत असेल? ती शिरते तेव्हा. आणि शिरताना काय बदललं होतं? तिनं स्वतःलाच विचारलं, प्रयोग फसल्यावर विद्यार्थ्याला विचारतात तसं. शेवटचं काय घातलंस?

कर्ल.

तिनं खुणांची पेटी उघडली. खुणांच्या फाइलशेजारी आणखी एक बारकी फाइल होती, नाव 'खुणा-ताज्या'. हे नाव तिनं ठेवलेलं नव्हतं. आत जेमतेम चार ओळी. आसपासच्या जोडण्यांची नावं गोळा कर. त्यांची मोट बांध. कर्लच्या हाती देऊन अमुक पत्त्यावर पाठव. कुणाला काही दाखवू नकोस.

पत्ता आकड्यांचा होता, आणि तो त्याच्या दुकानाच्या मशीनचा असणार हे तिला सांगायला नको होतं.

म्हणजे प्रणालीत त्यानं काही ठेवलंच नव्हतं. प्रणाली ती पुसेल हे त्याला माहीत होतं. तिनं एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर दर वेळी काय नेलं, हे तो इतकी वर्षं शेजारी बसून बघत आला होता. ही बाई सगळं सोडेल, पण ही पेटी सोडणार नाही. एवढंच त्यानं ओळखलं होतं, आणि तिथेच जाऊन बसला होता.

पण तिचं घर इतकं रिकामं असेल हे त्याला कळलं नव्हतं. त्याच्या हेराला निरोप न्यायला हात नव्हते. रोज सकाळी तो हात मागत होता, आणि तिनं, तक्रार नको म्हणून, स्वतःच्या हातानं ते जोडून दिले होते.

"मावशी!"

मावशी धावत आली. तिनं सांगितलं. मावशीला त्यातलं निम्मंच कळलं, पण जे कळायला हवं ते कळलं. "शाळा माहीत आहे का त्याला?"

"शाळा नाही. हे घर माहीत आहे."

"मग इथं बसून काय करतेस? चल, पोरीला घे."

तिला ती फाइल पुसून टाकायची होती. बोट त्या बटणावर होतं. पण मग वाटलं, पुसली तर सांगणार काय आणि कुणाला? 'मला वाटतं' या दोन शब्दांवर आजवर कुणी तिचं ऐकलं नव्हतं. तिनं मशीन मिटलं आणि पिशवीत घातलं. आत जिवंत काहीतरी असल्यासारखी ती पिशवी तिनं अंगापासून लांब धरली.

खाली लाँड्रीच्या दाराशी एक माणूस शर्ट घेऊन उभा होता. पाठमोरा. तेच खांदे, मान तशीच थोडी डावीकडे. ती पायरीवरच थांबली. मावशीनं मागून ढकललं. माणूस वळला. तो कुणी म्हातारासा गृहस्थ होता, आणि दोघी त्याच्याकडे भूत बघितल्यासारख्या का बघतात हे न कळून त्यानं ओशाळून शर्ट छातीशी धरले.

खारूला शाळेतून घेतलं. "माझं चित्र अर्धं राहिलं," खारू कुरकुरत होती. दोघी तिला मध्ये घेऊन चालत होत्या.

वकीलबाईंचं ऑफिस एका जुन्या बँकेच्या वर होतं. मावशीच्या ओळखीच्या. वयानं तिच्या स्वतःएवढ्याच, पण आवाज असा की समोरचा आपोआप सरळ बसे. त्यांनी सगळं ऐकलं आणि फोन करून पोलिसांच्या सायबर शाखेतल्या एका तपासनिसाला बोलावून घेतलं. तो आला तो सर्दीनं बेजार, हातात रुमाल, बरोबर एक महिला शिपाई. खारूला आतल्या खोलीत कागद-पेन्सिल देऊन मावशीजवळ बसवलं.

तपासनिसानं चार ओळी वाचल्या. नाक पुसलं. "पुसली नाहीत हे फार बरं केलंत."

"आता पुसू?"

"छे. आता तर ती चालवायची आहे."

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"हे बघा बाई," तो म्हणाला, "नुसती फाइल दाखवली तर तो म्हणेल, बायकोनंच लिहिली. ती शिकलेली आहे, तिला येतं. पण ही माझ्यासमोर बाहेर पडली आणि कुठे पोचली हे मी नोंदवलं, तर बोलायला जागा राहत नाही. माझ्या जोडणीवरून तुम्ही नेहमीसारख्या आत शिरा. पासवर्ड तुमचा, हात तुमचे."

"म्हणजे इथल्या जोडण्यांची नावं त्याच्याकडे जातील. मी इथे आहे हे त्याला कळेल."

"कळेल."

"खारू आत आहे."

वकीलबाई पुढे झुकल्या. "तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. मी तरीही अर्ज करीन. पण मग न्यायाधीश विचारतील, पुरावा काय? आणि तोवर त्याला तुमचा जिना माहीत आहे."

ती मशीनकडे बघत राहिली. इतके दिवस तिनं एकही नको ती गोष्ट आत येऊ दिली नव्हती, आणि आता तीच एक गोष्ट तिनं स्वतः उठवायची होती. पासवर्ड पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा बरोबर पडला.

पडद्यावर काहीच उमटलं नाही. तो गप्पपणाच सगळ्यात वाईट होता.

"निरोप गेला," तपासनीस आपल्या पडद्याकडे बघत म्हणाला. "पोचलासुद्धा." त्यानं पत्ता इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे तपासायला पाठवला. थोड्या वेळानं उत्तर आलं. उस्तादचं दुकान.

आणि मग धाकट्याचा फोन आला. "ताई, भावोजी विचारताहेत, वकिलाकडे कशाला गेलीस? बँकेच्या वर कोण वकील आहे? निघालेत म्हणे ते. ताई, तू खरंच तिथे आहेस?"

तिनं फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला होता. वकीलबाई लिहीत होत्या. महिला शिपाई उठून दाराशी जाऊन उभी राहिली.

तो आला तेव्हा हसत आला. जिन्यावरचा त्याच्या चपलांचा आवाज तिनं आधीच ओळखला होता. शिपाईबाईनं हात आडवा धरला, तर अदबीनं थांबला. "बायको आणि मुलगी आत आहेत माझी. घ्यायला आलोय."

आतून खारूनं आवाज ओळखला. "बाबा!" म्हणून ती धावतच बाहेर आली, हातात चित्र. खरं तर याचीच आईला सगळ्यात जास्त भीती होती. मुलगी आनंदानं निघाली होती. तिनं पुढे होऊन खारूचं मनगट धरलं.

"ये, खारू," तो म्हणाला. "दाखव बघू काय काढलंस."

"आई, सोड ना."

तिनं सोडलं नाही. खारूच्या हातातून तिच्या हातात ओढ येत होती, आणि तेवढ्या ओढीनंही तिचा तोल जाईल असं वाटत होतं.

"हे दुकान आपलंच ना?" तपासनिसानं रुमालाआडून विचारलं आणि तिचं मशीन जरा वळवलं. पडद्यावर निरोपाचा पत्ता आणि आतली हजेरी उघडी होती.

उस्तादची नजर पडद्याकडे गेली. तो मुलीला विसरला. मान डावीकडे झुकवून त्यानं तो मोकळा पडदा बघितला, ती चारदोन नावं बघितली, आणि त्याच्या चेहऱ्यावर खरंखुरं कौतुक आलं. दुसऱ्या कारागिराचं काम बघून यावं तसं.

"हे तू बसवलंस?" त्यानं तिला विचारलं. "इतकं कमी? वा!" मग त्याच्या लक्षात आलं. "हां, म्हणून. म्हणूनच इतके दिवस आवाज नव्हता. कर्लच नसेल याच्यात. मी म्हणतोय, असं कसं झालं, मी तर..."

तो थांबला.

वकीलबाईंचं पेन चालत होतं, तेवढाच आवाज.

"पुढे?" तपासनीस म्हणाला. "तुम्ही तर काय?"

त्यानं वकीलबाईंच्या कागदाकडे बघितलं, मग शिपाईबाईकडे, आणि शेवटी तिच्याकडे. तो हसत नव्हता. त्याचा हा चेहरा तिनं आजवर बघितला नव्हता, आणि हसण्यापेक्षा तो जास्त भयंकर होता. तपासनिसानं त्याला खाली गाडीपर्यंत चला म्हटलं. तो वळला. जाताना म्हणाला, "खारू, चित्र पूर्ण कर. मी बघायला येईन."

वकीलबाईंनी ते वाक्यही लिहून घेतलं. "आज संध्याकाळच्या आत मनाईहुकूम मागते. मिळेल. पण आज त्या घरी जायचं नाही."

"माझ्या मैत्रिणीकडे जाऊ," मावशी म्हणाली. "तिच्याकडे वायफाय वगैरे काही नाही. बाई अजून पत्र लिहिते."

तिला हसू आलं नाही. जिन्यावर चपला वाजत खाली चालल्या होत्या, तपासनिसाच्या खोकल्याबरोबर, आणि ती त्या ऐकत उभी होती.

"आई, दुखतंय," खारू म्हणाली.

तिनं खाली बघितलं. बोटं सैल करायला तिला एकेक बोट उचलावं लागलं. मनगटावर लाल वळ उठले होते. तिनं ते चोळले, आणि मग खारूचा दुसरा हात धरला.